बेळगावात अंगणात बारमाही हिरवा पाईन लावायचा आहे: चीड, ‘ख्रिसमस ट्री’, की आपल्या घाटावरचंच एखादं झाड?

अंगण_अनगोळ

नमस्कार मंडळी. अनगोळच्या बाजूला ४० बाय ६० ची साईट आहे, घर पूर्वाभिमुख. पुढं १५ फूट, मागं १२ फूट आणि उत्तरेच्या बाजूला ८ फूट जागा मोकळी आहे. माती तांबडी, अडीच फुटांवर मुरूम लागतो. पुढच्या रस्त्यावरून विजेच्या तारा गेल्यात. पाणी नळाचं आणि बोअरचं, दोन्ही.

खाली रुंद, वर निमुळतं, वर्षाचे बारा महिने हिरवं राहील असं एकच उंच झाड हवं आहे. शक्यतो देशी. नर्सरीत ‘पाईन’ म्हणून तीन प्रकार मिळतात: कुंडीतलं पाच फुटी ख्रिसमस ट्री, पिशवीतला चीड आणि सुरू. यातलं खरं देशी कोणतं? बेळगावच्या पावसात चीड टिकेल का? घराच्या पायापासून किती लांब लावावं, खड्डा केवढा, आणि हे जमणार नसेल तर त्याच आकाराचं दुसरं काय लावता येईल, हे विचारते.

घाटमाथा

ताई, आधी नावांचा गुंता सोडवू, कारण या तिन्हींचा एकमेकांशी फारसा संबंध नाही.

कुंडीतलं ख्रिसमस ट्री म्हणजे अरोकेरिया. मूळचं पॅसिफिक महासागरातल्या नॉरफोक बेट आणि न्यू कॅलेडोनिया या भागातलं. देशी अजिबात नाही आणि शास्त्राच्या हिशेबानं पाईनही नाही, वेगळं कुळ. सुरू तर सूचिपर्णी (पाईनसारख्या बिनफुलांच्या झाडांचा गट) नाहीच. ते फुलणारं झाड आहे, आणि ज्याला आपण सुया म्हणतो त्या सांधे असलेल्या बारीक हिरव्या काड्या असतात. एक काडी ओढून बघा, पेरावर तुटते. खरी पानं त्या पेरावर दातऱ्यांसारखी दिसतात.

तिघांतला खरा पाईन एकच, चीड. भारतीय आहे, पण हिमालयातला. तिकडं साधारण ४५० ते २३०० मीटर उंचीवर वाढतो. एका झुबक्यात तीन सुया, लांबी २० ते ३० सेंटिमीटर. नर्सरीत ओळखायची खूण हीच. एक सावधगिरी मात्र आहे. पहिल्या वर्षाच्या रोपाला सुया सुट्या आणि आखूड असतात, तीन-तीनचे झुबके नंतर येतात, त्यामुळे वीतभर रोपावरून खात्री करता येत नाही.

मग ‘आपल्याकडचा देशी पाईन’ कोणता? कोणताच नाही. सह्याद्रीत पाईन नैसर्गिकरीत्या वाढत नाही. दक्षिण भारताच्या जंगलात सूचिपर्णी गटातलं जे एकमेव झाड आपसूक उगवतं, त्याचं शास्त्रीय नाव नागेया वालिचियाना (जुन्या पुस्तकांत पोडोकार्पस). ते निलगिरी आणि त्याच्या दक्षिणेकडच्या ओल्या डोंगरांत आहे, आणि त्याची पानं सुईसारखी नसून चांगली रुंद असतात. खानापूर-जांबोटीच्या रानात ते नाही.

बेळगाव सुमारे ७५० मीटरवर आहे, म्हणजे उंचीच्या आकड्यात चीड बसतो. तांबड्या, निचऱ्याच्या मातीत तो जगतोही. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, त्याला तिकडच्यासारखी लांब थंडी इथं मिळत नाही. दोन, ‘बारमाही हिरवा’ हे कोरड्या जागी पूर्ण खरं राहत नाही. जुन्या सुया मार्च ते मे मध्ये मोठ्या प्रमाणात गळतात आणि नव्या सुया भरेपर्यंत झाड विरळ दिसतं. तुम्हाला जी दाट हिरवी शंकूसारखी आकृती हवी आहे ती चिडात फक्त लहानपणी असते. मोठा झाला की खालच्या फांद्या जातात, उंच खोड आणि वर गोलसर डोकं उरतं.

लालमाती

वर घाटमाथा यांनी ओळख नीट करून दिली. अंतराचं मी सांगतो.

चिडाची पूर्ण उंची ३० मीटरच्या पुढं जाते. इथं तेवढी जाणार नाही असं धरलं तरी इमारतीपासून, तारांपासून आणि शेजाऱ्याच्या भिंतीपासून किमान ८ मीटर मोकळी जागा धरायला हवी. म्हणजे २६ फूट. तुमच्या साईटवर सगळ्यात मोठी मोकळी पट्टी १५ फुटांची, त्यातही वर तारा. त्यामुळे माझं सरळ मत, या साईटवर चीड नको. तारांखालच्या झाडाचा शेंडा दरवर्षी कापावा लागतो, आणि शेंड्यावरच ज्याची शोभा आहे असं झाड तिथं लावणं म्हणजे पहिल्या दिवसापासून त्याच्यावर अन्याय.

गळलेल्या सुयांचाही विचार करा. त्यांत राळ असते, पटकन पेट घेतात. मंगलोरी कौलांच्या फटीत त्या अडकून बसतात, पन्हळीत गठ्ठा होतो आणि मृगाच्या पहिल्या सरीला पाणी घरात उतरतं.

ख्रिसमस ट्रीबद्दल. कुंडीत सुंदर दिसतं, जमिनीत उतरवलं की वीस-पंचवीस मीटरपर्यंत जायची तयारी असते त्याची. बाजारात नॉरफोक म्हणून जे विकतात त्यात बरेचदा कुक पाईन (अरोकेरियाचाच दुसरा प्रकार) असतो, आणि तो उत्तर गोलार्धात वाढताना दक्षिणेकडं कलतो. दक्षिणेला शेजाऱ्याचं घर असेल तर समजून घ्या. घ्यायचंच असेल तर दोन गोष्टी बघून घ्या. कुंडी भरलेली दिसावी म्हणून एकाच कुंडीत तीन-चार रोपं लावलेली असतात का? तसं असेल तर एक ठेवून बाकीची जमिनीलगत कापावी लागतात, ओढून उपटली तर ठेवलेल्याचीही मुळं तुटतात. दुसरं, मधला शेंडा शाबूत आहे ना? बाजूच्या फांदीचं कलम केलेलं रोप आयुष्यभर आडवंच वाढतं, कितीही काठी बांधा, उभं होत नाही. शेंडा मोडलेल्या झाडालाही परत तसा सरळ, सगळीकडून सारखा आकार येत नाही.

आता तुमच्या आकाराचं आणि आपल्या मातीतलं झाड. माझी पहिली पसंती कोकम. रातांबा, भिरंड म्हणा, कन्नडमध्ये मुरुगलु. नर्सरीत पाटी कन्नडमध्ये असते म्हणून ते नाव लक्षात ठेवा. बारा महिने गडद हिरवं, फांद्या खाली झुकलेल्या, आकार नैसर्गिक शंकूचा, नवी पालवी तांबूस. खानापूरच्या पश्चिमेकडच्या रानात आपसूक वाढणारं झाड आहे. अंगणात साधारण पंधरा वर्षांत ६ ते ८ मीटर होतं, म्हणजे दोन मजल्यांच्या आतबाहेर. भिंतीपासून ३ मीटर पुरतात.

दुसरी पसंती नागकेशर, कन्नडमध्ये नागसंपिगे. हेही शंकूच्या आकाराचं, पालवी लालभडक, पांढऱ्या पाकळ्यांच्या मधोमध पिवळ्या केसरांचा झुबका आणि मंद सुवास. फार हळू वाढतं, हा दोष म्हणा की गुण. लहानपणी सावली लागते आणि सोटमुळाला धक्का लागलेला चालत नाही.

अंगण_अनगोळ

धन्यवाद दादा. कोकम डोक्यात नव्हतं, पण आकाराचं वर्णन अगदी हवं तसं आहे. तीन शंका. कलम घ्यावं की बियांचं रोप? नर-मादी झाडं वेगळी असतात म्हणे, मग एकच लावून काय होईल? आणि मागच्या १२ फुटात लावलं तर सेप्टिक टँकला मुळं जातील का? टँक मागच्या भिंतीच्या दक्षिण कोपऱ्यात आहे.

लालमाती

शंका अगदी मोक्याची विचारलीत. कलमाबाबत इथंच सगळे चुकतात.

कोकमाच्या झाडावर दोन तऱ्हेच्या फांद्या असतात, सरळ वर जाणाऱ्या आणि आडव्या. आडव्या फांदीची काडी घेऊन केलेलं कलम आडवंच पसरतं. झुडूप होतं, शंकू होत नाही. ख्रिसमस ट्रीचं वर सांगितलं तोच प्रकार. फळासाठी बाग करणाऱ्याचं त्यानं फारसं बिघडत नाही, उलट तोडणी सोपी जाते. तुमचं मात्र सगळं आकारावर आहे. म्हणून कलम घ्यायचं तर ‘सरळ फुटीच्या काडीचं’ असं विचारून घ्या. विकणाऱ्याला सांगता येत नसेल तर रोपाकडं बघा: जोडाच्या वर एक खोड उभं जाऊन त्याला चारी बाजूंनी समोरासमोर फांद्या फुटल्या असतील तर ते सरळ काडीचं. जोडापासूनच एका बाजूला झुकलं असेल तर ते ठेवून द्या.

बियांचं रोप हमखास शंकूच्या आकारात वाढतं. फक्त ते नर की मादी, हे फूल येईपर्यंत कळत नाही, आणि फूल यायला सात-आठ वर्षं जातात. निम्मे नर निम्मे मादी असाच हिशेब धरा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या ‘कोकण अमृता’ आणि ‘कोकण हातीस’ या दोन्ही जाती फळासाठी, कलमानं वाढवलेल्या, साधारण पाचव्या वर्षापासून फळ देतात. बागेत दहा टक्के नर ठेवतात. आजूबाजूला नर नसेल तर एकट्या मादीला फळ कमी धरतं.

तुमच्यासाठी माझा सल्ला बियांच्या रोपाचा. नर निघाला तरी काही बिघडत नाही. एप्रिल-मे मध्ये पिकलेली फळं खाली पडून फरशीवर आणि गाडीवर लाल डाग पडतात, नर झाडाखाली तेवढं तरी नाही. मादी निघाली तर घरचं आगळ आणि सोलं मिळतील.

सेप्टिक टँकपासून ५ मीटर अंतर ठेवा. उत्तर कोपऱ्यात लावलंत तर तेवढं सहज मिळतं. मुळं धडधाकट टाकी फोडत नाहीत, आधीच गळणाऱ्या सांध्यात ओल शोधत शिरतात. म्हणून झाड लावण्याआधी टाकीचे आणि पाईपचे सांधे एकदा तपासून घ्या.

कलमाची_काडी

लावणीचं पूर्ण देते, कारण खड्ड्यातच निम्मं यश किंवा अपयश ठरतं.

मे महिन्यात खड्डा काढा, ६० सेंटिमीटर लांब, रुंद, खोल. वरच्या एक फुटाची माती एका बाजूला, खालची मुरुमाड दुसऱ्या बाजूला. तुमच्याकडं अडीच फुटांवर मुरूम आहे म्हणजे तळ जवळजवळ मुरुमाला टेकतो. तळ पहारीनं अजून अर्धा फूट फोडून सैल करा. खड्डा पंधरा दिवस उन्हात तापू द्या.

मग पाण्याची परीक्षा. खड्डा पूर्ण भरून रिकामा होऊ द्या, लगेच तळात एक फूट पाणी परत भरा. बारा तासांत गेलं तर निचरा उत्तम. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पाणी दिसत असेल तर तिथं खड्ड्यात लावू नका, जमिनीच्या वर एक फूट उंच आणि चार फूट रुंद वरंबा करून त्यावर लावा.

भरताना वरची माती तीन भाग, पूर्ण कुजलेलं शेणखत एक भाग आणि अर्धा किलो निंबोळी पेंड. कच्चं शेण नको. आपल्याकडं हुमणीचा, म्हणजे मुळं खाणाऱ्या अळीचा, त्रास मोठा आहे आणि हुमणी कच्च्या शेणातूनच खड्ड्यात येते. जूनमध्ये लावलेलं रोप ऑगस्टमध्ये अचानक मलूल होतं, हलवलं तर उपटून हातात येतं, मुळं कुरतडलेली. ऊस करणाऱ्यांना हे नवीन नाही, अंगणातल्या झाडाच्या बाबतीत मात्र कुणाच्या लक्षात येत नाही.

रोप दीड-दोन फुटी घ्या. लहान पिशवीतलं पाच फुटी रोप स्वस्त वाटलं तरी त्याची मुळं तळाशी गोल फिरलेली असतात. पिशवी उभी चिरून काढा, तळाशी गुंडाळलेलं मूळ असेल तर धारदार कात्रीनं तेवढंच कापा. मातीचा गोळा फुटू देऊ नका. पिशवीत माती जिथवर होती तिथवरच जमीन आली पाहिजे, खोड पुरू नका. कलम असेल तर जोड जमिनीच्या वर चार बोटं राहू दे, बांधलेली पट्टी दोन-तीन महिन्यांत सोडा, आणि जोडाखालून फुटणारे कोंब दिसतील तसे काढा.

वेळ: मृगाचा पाऊस होऊन जमीन हातभर ओली झाली की आर्द्रा ते पुष्य या नक्षत्रांत. बेळगाव शहरात हे बरोबर बसतं. खानापूरच्या पश्चिमेला, कणकुंबीच्या बाजूला, जुलैचा पाऊस एवढा असतो की नवी लावणी पाण्यात उभी राहते. तिकडं मघा-पूर्वा उजाडू द्या.

काठी लावताना बांबूचं जमिनीतलं टोक जाळून काळं करा किंवा डांबर लावा, नाहीतर वाळवी बांबूतून रोपावर चढते. दोरी आठच्या आकड्यासारखी, सैल.

पाणी. दिवाळीपर्यंत जमिनीत ओल असते. नोव्हेंबर ते जानेवारी आठवड्यातून एकदा १५ लिटर. फेब्रुवारी ते मे आठवड्यातून दोनदा, तेवढंच. दुसऱ्या वर्षी आठवड्याला २० लिटर. रोज तांब्याभर ओतू नका, त्यानं मुळं वरच राहतात. बुंध्याभोवती तीन-चार इंच पालापाचोळा, पण खोडापासून वीतभर लांब. खोडाला चिकटलेला ओला पाचोळा म्हणजे बुरशी आणि कोरडा म्हणजे वाळवी.

कोकमाला पहिली दोन वर्षं नैऋत्येकडचं दुपारचं ऊन सोसत नाही. पानांच्या कडा करपतात. तिकडून नारळाच्या झावळ्या किंवा पन्नास टक्क्यांची शेडनेट उभी करा, वरून पूर्ण झाकू नका.

खत पहिल्या वर्षी २ किलो शेणखत, युरिया १०० ग्रॅम, सिंगल सुपर फॉस्फेट १५० ग्रॅम, पोटॅश ४० ग्रॅम, पावसाच्या सुरुवातीला आणि शेवटी असं विभागून. दरवर्षी तेवढंच वाढवत दहाव्या वर्षापर्यंत जा, मग स्थिर ठेवा.

छाटणी जवळजवळ नाही. दोन शेंडे स्पर्धा करू लागले तर एक ठेवा. खालच्या फांद्या जमिनीला टेकतात म्हणून कापायचा मोह होतो, त्या कापल्या की घागरा गेला, आकार गेला.

अंगणातला_नवा

तळाशी विटांचे तुकडे आणि वाळूचा अर्धा फूट थर दिला तर निचरा चांगला होतो असं माळी सांगतात. ते राहिलं का?

कलमाची_काडी

राहिलं नाही, मुद्दाम वगळलं. माती बारीक आणि खाली थर जाड असला की वरची माती पूर्ण भिजून तुडुंब होईपर्यंत पाणी खालच्या थरात उतरतच नाही. मुळांच्या उशाशी ओल साचून राहते. आणि खड्ड्याच्या भिंती कठीण असतील तर तो थर म्हणजे पाणी साठवायची टाकी. पाणी जायला वाट हवी, दगड नकोत. म्हणून तळ फोडणं किंवा वरंब्यावर लावणं.

काळं_रान

निपाणी, चिकोडी, रायबाग, अथणी या बाजूच्या लोकांनी वरचं सगळं वाचून कोकम लावायला धावू नये म्हणून लिहितोय. जिल्हा एकच असला तरी पश्चिम टोकाचा पाऊस आणि पूर्व टोकाचा पाऊस यात कित्येक पटींचा फरक आहे. अथणीकडं वर्षाला ५००-६०० मिलिमीटरच्या आसपास. माती काळी, चुनखडीची, सामू (पीएच) आठच्या वर. तिथं कोकम उन्हाळ्यात करपतं आणि चीड पिवळा पडतो. चिडाला आम्लधर्मी ते उदासीन माती हवी. चुनखडीत लोह असूनही मुळांना मिळत नाही, नव्या सुया आधी पिवळ्या होतात. वर बोअरचं जड पाणी दिलं की आणखी भर. लोहाची फवारणी करून महिनाभर हिरवं दिसतं, परत तेच. लाल माती आणून खड्डा भरला तरी मुळं तीन वर्षांत खड्ड्याबाहेर काळ्या मातीत जाणारच.

काळ्या जमिनीत खड्ड्याचा आणखी एक धोका. भोवती चिकण माती आणि मध्ये सैल भरणी, म्हणजे पावसाळ्यात हौद. म्हणून खड्डा उथळ आणि रुंद करा, दीड फूट खोल, तीन फूट रुंद, कडा गुळगुळीत राहिल्या तर कुदळीनं खरवडा, भरणीला तीच काळी माती आणि एक चतुर्थांश शेणखत, आणि वर फूटभर उंचवटा.

या जमिनीला बकुळ. कोकणात ओवळ म्हणतात, कन्नडमध्ये रंजल. सह्याद्रीतलंच, बारमाही दाट हिरवं, काळ्या मातीत आणि कमी पावसात टिकतं. आकार शंकूचा नाही, गोल घुमटासारखा येतो, पण लहानपणापासून एकच शेंडा ठेवून बाजूच्या फांद्या थोड्या आखूड करत गेलं तर पहिली दहा-बारा वर्षं निमुळतं दिसतं. वाढ सावकाश. पानं गुंडाळून जाळं करणारी अळी कधी येते, गुच्छ हातानं तोडून जाळले तर फवारणीची गरज पडत नाही.

भिंतीपासून अंतर काळ्या मातीत जास्त धरा, तेही मुळांच्या ढकलण्यामुळे नव्हे. काळी माती ओली झाली की फुगते, सुकली की आकसते. मोठं झाड उन्हाळ्यात पायाखालचं पाणी ओढून घेतं, माती आकसते, पाया उथळ असेल तर भिंतीला तिरकी चीर जाते. बकुळीला ५ मीटर, त्याहून मोठ्या झाडाला त्याच्या अपेक्षित उंचीएवढं अंतर. तांबड्या मुरुमाड जमिनीत ही भीती जवळजवळ नाही.

रान_जांबोटी

आमचा प्रश्न उलटा आहे. खानापूर-जांबोटी रस्त्याला एक एकर आहे, जांभ्याची जमीन, घर एका कोपऱ्यात. जागेची अडचण नाही. चीडच लावायचा तर कसा?

घाटमाथा

एक एकरात घरापासून दहा मीटर लांब दोन-तीन झाडं लावायला हरकत नाही. जंगलाच्या कडेला मात्र नको, वणव्याला सुया आयतं जळण. आणि शेकड्यानं लावू नका, खाली दुसरं फारसं काही उगवत नाही.

चिडाची खरी अडचण माती किंवा पाऊस नाही, बुरशी आहे. चांगली बुरशी. पाईनच्या मुळांवर एक प्रकारची बुरशी राहते, ती नसेल तर मुळं अन्न उचलू शकत नाहीत. कोकम, बकुळ यांना लागणारी बुरशी आपल्या मातीत आधीच असते, पाईनची नसते. रोप वर्षभर वीतभरच राहतं, फिकट पडतं, आपण खत देत बसतो. उपाय एकच, वाढलेल्या पाईनच्या बुंध्याखालची वरची वीतभर माती, मुळांच्या तुकड्यांसकट. लावताना खड्ड्यात मुळांना लागून एक-दोन किलो. रोप घेतानाही पिशवीतल्या मुळांवर पांढरट कापसासारखा थर आणि काट्यासारखी दुभागलेली आखूड मुळं दिसतात का बघा. तो थर रोग समजून धुऊ नका.

बी लावायचं असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये, निम्मी वाळू, निम्मी माती आणि त्यात मूठभर पाईनखालची माती. बी एक सेंटिमीटर खोल. साधारण तीन आठवड्यांत उगवतं. पाणी सकाळी द्या, संध्याकाळी नको. रात्रभर ओल राहिली की रोपं जमिनीलगत काळी पडून कोलमडतात, दोन दिवसांत अख्खा वाफा जातो. शेणखत या मिश्रणात घालू नका, कोलमड वाढते.

जांभ्यात खालचा कठीण थर फोडणं सक्तीचं. तीन फुटांचा चौकोन पहारीनं फोडा. नाहीतर सोटमूळ थराला लागून वळतं, झाड चार-पाच मीटरचं होईपर्यंत झकास दिसतं आणि मग जुलैच्या वाऱ्यात मुळासकट आडवं. तुमच्याकडं पाऊस जास्त म्हणून एक फूट उंच, चार फूट रुंद उंचवट्यावरच लावा, पावसाचा जोर ओसरल्यावर. भोवतीचं एक मीटर वर्तुळ गवतमुक्त ठेवा. सावली अजिबात नको, चीड पूर्ण उन्हाचा. नोव्हेंबर ते मे आठवड्याला १५ लिटर, दोन उन्हाळे, मग बंद. फेब्रुवारीत गवत वाळलं की झाडांभोवती दोन-तीन मीटर रुंद पट्टा साफ करून घ्या आणि गळलेल्या सुया घराच्या बाजूला साठू देऊ नका.

पण दादा, जांबोटीच्या पावसात एवढी जागा आहे तर त्यातल्या निदान चार खड्ड्यांत नागकेशर आणि सुरंगी लावा. ही दोन्ही आपल्या घाटाची झाडं, बारमाही हिरवी, आणि रोपं तयार करणारे फार थोडे आहेत. नागकेशराचं बी ताजंच पेरायचं, ठेवलं की उगवण झपाट्यानं घटते. थेट उंच पिशवीत पेरा म्हणजे सोटमूळ न दुखावता लावता येतं, पहिले दोन उन्हाळे सावलीत.

अंगण_अनगोळ

मागच्या उत्तर कोपऱ्यात बियांचं कोकम ठरवलं. पुढं तारांखाली काहीच नको का मग? तिथं १५ फूट नुसतं मोकळं बरं दिसणार नाही.

लालमाती

तारांखाली अंजनी लावा. आपल्या जांभ्याच्या सड्यावर, महाबळेश्वरच्या पठारावर वाढते ती. बारमाही गडद हिरवी, चकचकीत पानं, फेब्रुवारीपासून उन्हाळ्यात फांद्यांना लागून जांभळ्या-निळ्या फुलांचे गुच्छ. लाकूड लोखंडासारखं. उघड्या जागी ५-६ मीटर, आणि तेवढं व्हायलाही वर्षानुवर्षं लागतात. तारा साधारण किती उंच आहेत ते बघून, त्यांच्या सरळ खाली न लावता घराच्या बाजूला ८ फूट आत घ्या. भिंतीपासून २ मीटर पुरे. खड्डा वर सांगितला तसाच, शेणखत निम्मं. हिला जास्त खत दिलं की फक्त पालवी वाढते.

नर्सरीत सहसा मिळत नाही. मे-जूनमध्ये वनखात्याच्या नर्सरीत विचारून ठेवा, नसेल तर देशी झाडांची रोपं करणाऱ्यांकडं आधी सांगून करून घ्यावी लागतात. रानातलं उपटून आणू नका, सड्यावरच्या झाडाची मुळं दगडाच्या फटीत असतात, ती निघत नाहीत आणि झाड दोन्हीकडून जातं.

एक लक्षात असू द्या. कर्नाटकात १९७६ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार वाढलेलं झाड तोडायला वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, स्वतःच्या आवारातलं असलं तरी. म्हणून जागा आत्ताच टेप लावून मोजा. कोकमाच्या जागी जमिनीवर दीड मीटर त्रिज्येचं वर्तुळ चुन्यानं आखा, खालच्या फांद्या दहाव्या वर्षी साधारण तेवढ्या पसरतील. त्या वर्तुळात कपडे वाळवायची दोरी, पाण्याचा नळ किंवा मागच्या दाराची पायरी येत असेल तर खड्डा काढण्याआधीच दोन फूट सरकवा.

अंगण_अनगोळ

मोजलं. नळ वर्तुळात येतो. खड्डा पूर्वेकडं अडीच फूट सरकवते, तरी भिंतीपासून ३ मीटर आणि टाकीपासून साडेपाच मीटर राहतात.

कलमाची_काडी

मग छान. सरकवलेल्या जागी पाण्याची परीक्षा नव्यानं करा, मुरुमाचा थर तीन फुटांतही बदलतो.